इंग्रजीची अनियमित क्रियापदं इतकीही अनियमित नाहीत

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर एक तक्ता हमखास असतो. तीन रकाने, दीड-दोनशे ओळी आणि सगळं एबीसीडीच्या क्रमाने. बिगिन–बिगॅन–बिगन, त्याखाली कुठेतरी बाइट–बिट–बिटन, आणखी खाली ब्लो–ब्लू–ब्लोन. हे पाठ करा, म्हणजे भूतकाळ आला. शब्द शोधायला हा क्रम सोयीचा आहे, पण शिकायला त्याच्याइतका वाईट क्रम दुसरा नसेल. एका घराण्यातली क्रियापदं तो पानभर विखरून टाकतो आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही त्यांना शेजारी बसवतो. मग वाटतं, इंग्रजीत सगळा मनमानी कारभार आहे.

तसं नाही. या तक्त्यातलं जवळजवळ प्रत्येक रूप कधी ना कधी कुठल्यातरी नियमाने बनलेलं आहे. फक्त तो नियम आता चालू नाही.

आधी एक गोष्ट पाहू. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं कोणती? बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट. दहाच्या दहा अनियमित. आणि ज्यांना शब्दकोशात शोधावं लागतं अशी क्रियापदं घ्या, ती बहुतेक सगळी निमूटपणे शेवटी ‘ईडी’ लावून घेतात. आता मराठीकडे बघा. रेंगाळणे–रेंगाळला, पुटपुटणे–पुटपुटला, खेकसणे–खेकसला, सगळं सरळ. पण करणे–केलं, जाणे–गेला, येणे–आला, होणे–झाला, घेणे–घेतलं, खाणे–खाल्लं, मरणे–मेला. रोजच्या तोंडातली क्रियापदंच वाकडी. परक्या माणसाला मराठी शिकवताना ‘करणे’चं ‘करलं’ का नाही, हे सांगता सांगता आपलीच पंचाईत होते. आपल्याला मात्र त्यात काही अवघड आहे असं कधी वाटतच नाही.

हा योगायोग नाही. जे रूप रोज शंभरदा कानावर पडतं ते कितीही विचित्र असलं तरी पुढच्या पिढीच्या लक्षात राहतं. वर्षातून दोनदा ऐकलेलं रूप राहत नाही, मग बोलणारा ऐनवेळी नेहमीचा प्रत्यय लावून मोकळा होतो. २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एरेझ लीबरमन, मार्टिन नोवाक आणि सहकाऱ्यांनी याचं गणितच मांडलं. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित उरली होती, आजच्या इंग्रजीत ९८. बाकीची सरळ झाली. आणि सरळ होण्याचा वेग वापराशी बांधलेला निघाला: एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल, तर ते साधारण दहापट वेगाने नियमित होतं.

हेल्प, क्लाइंब, बेक, लाफ, स्टेप, मेल्ट ही सगळी एकेकाळी वाकडी क्रियापदं होती. ‘हेल्प’चा भूतकाळ काही शतकांपूर्वी ‘होल्प’ असा होता. ‘मेल्ट’चं जुनं रूप ‘मोल्टन’ क्रियापदातून हद्दपार झालं, पण विशेषण म्हणून तगलं. म्हणून बर्फ ‘मेल्टेड’ असतो आणि लाव्हा ‘मोल्टन’. ‘रॉट आयर्न’मधलं ‘रॉट’ हेही ‘वर्क’चं जुनं भूतकाळी रूपच.

आता मूळ नियमाकडे येऊ. तो समजला की अर्धा तक्ता आपोआप उलगडतो.

युरोपातल्या आणि उत्तर भारतातल्या बहुतेक भाषा ज्या एका प्राचीन भाषेतून आल्या, तिच्यात धातूच्या पोटातला स्वर बदलून नवं रूप घडवायची रीत होती. संस्कृत व्याकरणात आपण तिला गुण आणि वृद्धी म्हणतो: लिखित पण लेख, विद्या पण वेद. ही रीत मराठीतही आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे, मरणे–मारणे. व्यंजनं तीच, आतला स्वर फिरला आणि ‘आपोआप होणे’चं ‘कुणीतरी करणे’ झालं. इंग्रजीच्या पूर्वजांनी हीच रीत काळ दाखवायला वापरली. सिंग–सँग–संग. स–ग हा सांगाडा जागेवर, स्वर तेवढा बदलला. ड्रिंक–ड्रँक–ड्रंक, स्विम–स्वॅम–स्वम, बिगिन–बिगॅन–बिगन, रिंग–रँग–रंग. या क्रियापदांना परीकथांमुळे प्रसिद्ध असलेल्या याकोब ग्रिम यांनी एकोणिसाव्या शतकात ‘सबळ’ क्रियापदं म्हटलं, कारण त्यांना भूतकाळासाठी बाहेरून प्रत्ययाची मदत लागत नाही. ज्यांना लागते ती ‘दुर्बळ’. आज ज्यांना आपण नियमित म्हणतो ती या हिशेबाने दुर्बळ ठरतात, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलं आहे.

इथे एक रास्त शंका येते. ‘सिंग’चं ‘सँग’ होतं, तर ‘क्लिंग’चं ‘क्लंग’ का? ‘राइट’चं ‘रोट’ होतं, तर ‘बाइट’चं ‘बोट’ का नाही, ‘बिट’ का? ‘राइड–रोड’ आणि ‘स्लाइड–स्लिड’ यांच्यात फरक कसला? स्वर तोच, शेवटचा आवाजही तोच.

उत्तर असं की जुन्या इंग्रजीत सबळ क्रियापदाला भूतकाळात दोन वेगळे स्वर असत, एकवचनाला एक आणि अनेकवचनाला दुसरा. ‘मी गायलो’ला ‘सँग’सारखं काही, तर ‘आम्ही गायलो’ला ‘सुंगोन’. ‘त्याने लिहिलं’ला ‘रात’, तर ‘त्यांनी लिहिलं’ला ‘रितोन’. पुढे इंग्रजीने वचनाप्रमाणे क्रियापद बदलायचा हा पसारा आवरला आणि प्रत्येक क्रियापदाला दोनांतलं एक रूप निवडायची पाळी आली. ‘राइट’ आणि ‘राइड’ यांनी एकवचनाचा स्वर घेतला, त्यातून रोट आणि रोड आले. ‘बाइट’ आणि ‘स्लाइड’ अनेकवचनाकडे गेले, म्हणून बिट आणि स्लिड. ‘सिंग’ने एकवचन धरलं. ‘क्लिंग’, ‘फाइंड’, ‘बाइंड’ आणि ‘विन’ यांनी दुसरी बाजू धरली, म्हणून क्लंग, फाउंड, बाउंड आणि वन. यात कुणी ठरवून वाटणी केली नव्हती. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी रूपं चालत होती आणि छापील पुस्तकं सर्वत्र पोचेपर्यंत जे वरचढ होतं ते टिकलं. आज फक्त एका क्रियापदात दोन्ही रूपं शिल्लक आहेत: एकाला ‘वॉज’, अनेकांना ‘वेअर’.

म्हणजे पाठांतराचा त्रास आहे, पण तो मर्यादित आहे. ‘राइट’सारखं क्रियापद दिसलं की शक्यता दोनच उरतात.

दुसरं मोठं घराणं खरं तर अनियमित म्हणायच्याही लायकीचं नाही. कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, फील–फेल्ट, मीट–मेट, लीड–लेड, ड्रीम–ड्रेम्ट. ही सगळी दुर्बळ म्हणजे प्रत्ययवाली क्रियापदं. शेवटचा ‘ट’ किंवा ‘ड’ हा तोच नेहमीचा प्रत्यय. घोटाळा झाला तो उच्चाराच्या दोन बदलांनी. पूर्वी ‘कीप’चा उच्चार ‘केऽप’ होता, दीर्घ ए. प्रत्यय लागला की पुढे दोन व्यंजनं एकत्र यायची आणि त्यांच्या भाराने स्वर ऱ्हस्व व्हायचा: केऽप, पण केप्ट. इतपत फरक कुणाच्या लक्षातही आला नसता. मग साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकले आणि दीर्घ ‘ए’चा ‘ई’ झाला. ऱ्हस्व स्वर मात्र जागचे हलले नाहीत. म्हणून आज ‘कीप’ आणि ‘केप्ट’ एकमेकांपासून लांब वाटतात. स्पेलिंग जुनंच राहिल्यामुळे ‘रीड’चा भूतकाळ लिहायला हुबेहूब तसाच आणि वाचायला ‘रेड’ असा प्रकार झाला.

कट–कट–कट, पुट, हिट, सेट, शट, हर्ट, कॉस्ट, स्प्रेड. या मंडळींची तिन्ही रूपं सारखी. का, ते एका नजरेत दिसतं: सगळ्यांच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ आहे. प्रत्ययही ‘ट-ड’चाच. जुन्या काळी ‘कट’ला ‘ते’ लागून ‘कट्टे’ व्हायचं, पुढे शेवटचा स्वर गळाला आणि हाती पुन्हा ‘कट’च उरलं. त्यामुळे ज्याच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ नाही अशा क्रियापदाची तिन्ही रूपं सारखी असतील का, हा प्रश्न पडलाच तर उत्तर ‘नाही’ असं बिनधास्त द्यावं. एक पथ्य मात्र पाळायला हवं. ‘ही कट’ म्हणजे त्याने कापलं, ‘ही कट्स’ म्हणजे तो कापतो. सगळा काळ त्या एका ‘स’वर तोललेला आहे. सेंड–सेंट, बेंड–बेंट, लेंड–लेंट, स्पेंड–स्पेंट यांची कथाही याच वळणाची, पण यांतल्या एका भावंडाची पुढे गाठ पडणार आहे.

थिंक–थॉट, ब्रिंग–ब्रॉट, बाय–बॉट, सीक–सॉट, टीच–टॉट. इथे मुलं हमखास हात टेकतात. थिंकमधला ‘न’ गेला, ‘क’ गेला, स्वरही बदलला. शिवाय स्पेलिंगमध्ये जी आणि एच ही दोन मुकी अक्षरं. ही अक्षरं पूर्वी मुकी नव्हती. त्यांच्या जागी घशातून घासून येणारा, ‘ख’च्या जवळचा उच्चार होता. जर्मनमध्ये तो अजून आहे: ‘विचार केला’ला जर्मन माणूस ‘दाख्त’सारखं म्हणतो, ‘आणलं’ला ‘ब्राख्त’. ‘क’ किंवा ‘ग’च्या पुढे ‘ट’ आला की त्याचा हा ‘ख’ व्हायचा आणि अशा ‘ख’च्या आधीचा ‘न’ गळायचा. राहिला स्वर. थिंक, बाय, सीक यांच्यात तर बदल भूतकाळात झालेलाच नाही. वर्तमानकाळाच्या रूपात पूर्वी पुढच्या अक्षरात ‘इ-य’चा आवाज असे आणि त्याने मागच्या स्वराला आपल्याकडे ओढलं. भूतकाळात तो आवाज नव्हता, म्हणून जुना स्वर तसाच राहिला. ‘थॉट’ मूळ वळणाच्या जवळ आहे, बदललं आहे ते ‘थिंक’. सेल–सोल्ड आणि टेल–टोल्ड यांचंही असंच.

आता गो–वेंट. ही दोन रूपं एकमेकांची कुणीच लागत नाहीत. ‘गो’चा जुना भूतकाळ वेगळाच होता आणि तो लुप्त झाला. त्याच्या जागी ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ येऊन बसला. वेंड म्हणजे वळणे, वाट धरणे. सेंड–सेंट, बेंड–बेंट, तसंच वेंड–वेंट. पुढे बिचाऱ्या ‘वेंड’ला स्वतःसाठी नवा भूतकाळ शोधावा लागला, तो ‘वेंडेड’.

हे ऐकून इंग्रजीला हसायचं कारण नाही, कारण आपलं ‘जाणे–गेला’ याच जातीचं आहे. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूपासून, याति–जाइ–जाणे असं. ‘गेला’ मात्र ‘गत’पासून, म्हणजे ‘गम्’ धातूपासून. दोन धातूंनी मिळून एक क्रियापद चालवलं आहे. ‘केला’ आणि ‘मेला’ एवढे परके नाहीत. ते ‘कृत’ आणि ‘मृत’ यांचे वंशज आहेत, फक्त मधला ‘त’ झिजून गेला. ‘बी’ या क्रियापदात तर तीन धातू नांदतात: ॲम आणि इज हे संस्कृत ‘अस्’चे नातलग (अस्मि, अस्ति), बी हे ‘भू’चं, आणि वॉज–वेअर हे राहणे या अर्थाच्या ‘वस्’चं. मूल होऊन आलेल्या प्रत्येक पिढीने ही तीन तुकड्यांची गोधडी काही न विचारता अंगावर घेतली.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर तिथली एक गोष्ट फार बोलकी आहे. इंग्रजी घरातलं मूल आधी ऐकून ‘वेंट’ बरोबर म्हणतं. काही महिन्यांनी तेच मूल ‘गोड’ म्हणजे गो अधिक ईडी म्हणू लागतं, आणि पुढे हळूहळू पुन्हा ‘वेंट’वर येतं. मधली पायरी ही चूक दिसते, पण प्रगती तीच आहे. आधी ते नुसतं ऐकलेलं परत म्हणत होतं, आता त्याला नियम सापडला आहे. घरात ‘गोड’ कुणीच म्हणत नाही, म्हणजे हे रूप त्याने स्वतः घडवलं. एखादं मराठी मूल ‘मी करलं’ म्हणतं, तेव्हा हेच चाललेलं असतं. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने मुलांना बनावट क्रियापदं देऊन त्यांचा भूतकाळ विचारला होता. त्यांत एक होतं ‘ग्लिंग’. मुलं बहुतेक करून ईडी लावत होती. मोठ्यांपैकी अनेक जण मात्र ‘ग्लँग’कडे झुकले, कारण सिंग–सँगचा साचा त्यांच्या कानात पक्का बसला होता. न ऐकलेल्या शब्दालाही तो लागू होतो, म्हणजे जुना नियम अगदीच मेलेला नाही.

आणि म्हणूनच उलटा प्रवासही होतो. ‘डिग’चा भूतकाळ एके काळी ‘डिग्ड’ असा सरळ होता, तो ‘डग’ झाला. ‘कॅच’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, त्याला वाकडं व्हायचं काही कारण नव्हतं, पण तो ‘कॉट’च्या वळणावर गेला. अमेरिकेत ‘स्नीक’चं ‘स्नक’ आणि ‘डाइव्ह’चं ‘डोव्ह’ ही रूपं एकोणिसाव्या शतकात रुजली. ‘कुड’च्या स्पेलिंगमधला एल तर निव्वळ अनुकरणाचा आहे. विल आणि शॅलमध्ये एल आहे म्हणून वुड आणि शुडमध्ये आहे. कॅनमध्ये नाही, तरी शेजाऱ्यांचं बघून कुडने घेतला.

हे सगळं असलं तरी अगदी नव्या क्रियापदाला हल्ली सरळच वाट मिळते: गूगल–गूगल्ड, टेक्स्ट–टेक्स्टेड. नामापासून बनलेलं क्रियापदही सरळ जातं, मग ते आवाजाने कुणासारखं का असेना. घंटा ‘रँग’, पण पोलिसांनी इमारतीभोवती कडं केलं तर ‘रिंग्ड’. हे दुसरं ‘रिंग’ वर्तुळ या नामातून आलं आहे. ‘वेलकम’चं ‘वेलकेम’ होत नाही तेही याचमुळे. ‘कम’ या क्रियापदाशी त्याचं नातं थेट नाही, क्रियापद म्हणून ते नामातून उतरलं. उलट अंडरस्टँडचं अंडरस्टुड, बिकमचं बिकेम, ओव्हरकमचं ओव्हरकेम. अर्थ कितीही लांब गेलेला असो, पोटात ‘स्टँड’ किंवा ‘कम’ खरोखर असेल तर रूप त्याच्या मागून येतं. यामुळे तक्त्यातल्या बऱ्याच ओळी वेगळ्या शिकायच्या उरतच नाहीत.

शिकणाऱ्याने मग काय करावं? तक्ता कापून घराण्यांप्रमाणे नव्याने लिहावा. सिंगच्या ओळीत सिंगची भावंडं, कीपच्या ओळीत कीपची, ब्लो–ब्लूच्या ओळीत नो, ग्रो, थ्रो आणि फ्लाय, स्पीक–स्पोकच्या ओळीत ब्रेक, स्टील, फ्रीझ. मोठ्याने म्हणावं, कारण ही घराणी डोळ्यापेक्षा कानाला लवकर ओळखू येतात. सुरुवात बी, हॅव, गो, सीपासून करावी. ‘स्ट्राइव्ह–स्ट्रोव्ह’ला पुष्कळ वेळ आहे. ‘लर्न्ट’ की ‘लर्न्ड’, यावर डोकेफोड करू नये, दोन्ही चालतात. अमेरिकन माणसाचं ‘गॉटन’ अशुद्ध नाही, ते जुनं रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि तिकडे राहिलं. आणि ‘डिड’ आला की पुढे मूळ रूपच येतं. ‘डिड’ने भूतकाळ दाखवून झालेला असतो, म्हणून ‘डिड नॉट गो’, ‘डिड नॉट वेंट’ नव्हे.

एक जागा मात्र अशी आहे जिथे जन्मापासून इंग्रजी बोलणारेही घसरतात: लाय आणि ले. लाय म्हणजे आडवं होणे, त्याचा भूतकाळ ‘ले’. पण ले हे स्वतंत्र क्रियापदही आहे, आडवं ठेवणे या अर्थाचं, आणि त्याचा भूतकाळ ‘लेड’. एकाचा काल तो दुसऱ्याचा आज. मराठी माणसाला ही जोडी खरं म्हणजे सोपी जायला हवी, कारण ती ‘पडणे–पाडणे’ या जातीची आहे. फॉल आणि फेल (झाड पाडणे), सिट आणि सेट, राइज आणि रेझ, लाय आणि ले. दरवेळी पहिलं आपोआप होणारं आणि दुसरं कुणीतरी करायचं. पहिलं सबळ, स्वर फिरवणारं: फॉल–फेल, सिट–सॅट, राइज–रोझ, लाय–ले. दुसरं दुर्बळ, प्रत्यय घेणारं: फेल–फेल्ड, रेझ–रेझ्ड, ले–लेड, आणि सेट मात्र टकारान्त असल्याने जागच्या जागी. तेव्हा ‘काल मी दुपारभर पडून होतो’ला ‘ले’, आणि ‘काल मी पुस्तक टेबलावर ठेवलं’ला ‘लेड’. खोटं बोलणे या अर्थाचं तिसरं ‘लाय’ या भानगडीत नाही. ते सरळ ‘लाइड’ होतं.